भिंतीवरच्या सफरचंदाला खुंट कोणता?

घराच्या भिंतीलगत किंवा कुंपणाच्या तारेवर, आडव्या फांद्यांचे थर चढवत सपाट वाढवलेल्या सफरचंदाच्या झाडाला एस्पॅलिअर म्हणतात. असे झाड लावायचे ठरले की बहुतेक जण आधी जात निवडतात. कॉक्स घ्यावे की जेम्स ग्रीव्ह, लगेच खायचे की हिवाळाभर साठवायचे, यावर घरात बरीच चर्चा होते. खुंटाचा, म्हणजे ज्या मुळांवर ती जात कलम केली जाते त्यांचा, विचार शेवटी येतो आणि तो एकाच दिशेने जातो: जागा लहान आहे, तर सगळ्यांत बुटका खुंट घ्या. मला हा क्रम आणि हा निष्कर्ष दोन्ही चुकीचे वाटतात. जात पसंत पडली नाही तर त्याच झाडावर पुढे दुसऱ्या जातीचे कलम बांधता येते. मुळे बदलता येत नाहीत. एस्पॅलिअर पन्नास वर्षे फळ देऊ शकते, आणि ते देईल की तिसऱ्या थरालाच दमून थांबेल हे लावणीच्या दिवशी जमिनीखाली काय गेले यावर बरेचसे ठरते.

नाशिक, सांगली, सोलापूरच्या द्राक्ष बागायतदाराला हे समजावून सांगावे लागत नाही. तिथे आधी शेतात खुंट लागतो, तो जमिनीत रुळतो आणि मग त्यावर थॉमसन किंवा सोनाकाचे कलम भरले जाते. टेक्सासमधून आलेला डॉगरिज हा खुंट महाराष्ट्रात पसरला तो क्षारयुक्त पाणी आणि पाण्याची टंचाई यांवर उपाय म्हणून. युरोपात १८६० च्या दशकापासून फायलोक्सेरा या मुळांवरच्या किडीने द्राक्षबागा उजाड केल्या, तेव्हा अमेरिकी द्राक्षाच्या मुळांनीच त्या वाचवल्या. दोन्ही ठिकाणी कारण वेगळे होते, पण खुंट निवडताना विचारायचा प्रश्न एकच होता: या जमिनीत कशाला तोंड द्यायचे आहे? सफरचंदात या प्रश्नाच्या जोडीला झाडाच्या आकाराचा प्रश्न येतो. गोंधळ होतो तो लोक फक्त दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधतात म्हणून.

सफरचंदाचे बी पेरले तर आईसारखे झाड येत नाही, म्हणून जात टिकवायची तर कलम बांधावे लागते. पूर्वी कलम बियांपासून वाढवलेल्या रोपांवर होई. अशा रोपांत प्रत्येकाची ताकद निराळी असते. एक झाड आठ मीटर जाते, शेजारचे पाचावर थांबते. भिंतीवर दोन्ही बाजूंना सारखे ओलांडे हवे असतील (द्राक्षवेलीच्या आडव्या हाताला आपण ज्या नावाने ओळखतो तेच नाव मी इथे वापरतो) तर अशी अनिश्चितता परवडत नाही. त्यामुळे ठराविक ताकदीचा एक खुंट निवडून त्याच्या बुंध्याभोवती मातीची भर द्यायची, फुटव्यांना मुळे धरू द्यायची आणि ते वेगळे काढायचे, ही रीत रूढ झाली. असे सगळे खुंट एकाच झाडाचे तुकडे असल्याने गुणांत सारखे असतात.

ही रीत फ्रान्समध्ये जुनी आहे. चौदाव्या लुईसाठी ज्याँ-बातिस्त द ला कँतिनी याने व्हर्सायला १६७८ ते १६८३ या काळात राजाची फळबाग आणि भाजीबाग उभी केली. तिच्या उंच भिंतींवर आणि तारांवर सपाट वळवलेली झाडे आजही पाहता येतात. त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १६९० मध्ये निघाला आणि १६९३ मध्ये जॉन एव्हलिनच्या नावाने इंग्रजीत आला. त्या काळापासून ‘पॅराडाइज’ नावाचे फार बुटके आणि ‘दूसँ’ नावाचे मध्यम वाढीचे सफरचंदाचे खुंट युरोपभर हातोहात फिरत होते. पण दोनशे वर्षांत या नावांची पार सरमिसळ झाली. एका रोपवाटिकेतला पॅराडाइज दुसरीकडच्या दूसँपेक्षा जोमदार निघे. घेणाऱ्याला आपण काय लावले ते पाच-सात वर्षांनी झाड वाढल्यावर कळे.

हा गुंता सोडवण्याचे काम इंग्लंडमधील केंट परगण्यात झाले. ईस्ट मॉलिंग येथे १९१३ मध्ये फळसंशोधन केंद्र सुरू झाले आणि रोनाल्ड हॅटन यांनी देशोदेशींच्या रोपवाटिकांतून या नावांखाली विकले जाणारे खुंट गोळा केले. ते शेजारीशेजारी लावून, पाने, साल, मुळे, वाढ तपासून त्यांनी १९१७ मध्ये नऊ प्रकार वेगळे केले आणि जुनी नावे बाजूला ठेवून त्यांना रोमन अंक दिले. पुढे ही यादी वाढली. अंक आकाराच्या क्रमाने नव्हते, गोळा झालेल्या नमुन्यांना दिलेली ती नुसती ओळख होती. म्हणून आजही (एम म्हणजे मॉलिंग) एम २७ सर्वांत बुटका, एम ९ त्याच्या वर, एम २६ त्याहून मोठा, आणि एम २५ मात्र पूर्ण वाढीचे झाड देणारा, असा विचित्र वाटणारा क्रम आहे. सूचीपत्रातला आकडा मोठा म्हणजे झाड मोठे, किंवा उलट, असे काही नसते.

यातला नववा प्रकार, एम ९, म्हणजे फ्रान्समध्ये एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आपोआप उगवलेले ‘जोन द मेत्स’ हे रोप. जगातल्या व्यापारी सफरचंद बागांचा मोठा भाग आज याच्या किंवा याच्या उपप्रकारांच्या मुळांवर उभा आहे. त्याच्या १९२९ मधील संकरातून एम २६ तयार झाला आणि १९५९ मध्ये बाहेर आला. एम १३ आणि एम ९ यांच्यापासून काढलेला एम २७ सत्तरच्या दशकात आला.

दुसरी मालिका वेगळ्या गरजेतून निघाली. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडमध्ये लोकरी मावा सफरचंदाच्या मुळांवर गाठी आणून झाडे मारत होता. २००२ च्या सुमारास सांगली-कोल्हापूरच्या उसावर आलेला लोकरी मावा आपल्या वाचकांना आठवेल. सफरचंदावरची कीड निराळी, पण तिचे पांढरे कापसासारखे आवरण तसेच. ‘नॉर्दर्न स्पाय’ या अमेरिकी जातीला हा मावा लागत नाही हे माहीत होते. मर्टन येथील जॉन इनेस संस्था आणि ईस्ट मॉलिंग यांनी मिळून तिचा संकर मॉलिंगच्या खुंटांशी केला. १९५२ मध्ये मर्टन-मॉलिंग मालिका आली. एमएम १०६ आणि एमएम १११ हे तिचे दोन टिकलेले वारस. घरगुती एस्पॅलिअरच्या दृष्टीने ही मालिका मला एम ९ इतकीच महत्त्वाची वाटते, जरी ती या कामासाठी काढलेली नव्हती.

खुंट झाडाला बुटके कसे करतो, याचे उत्तर अजून पुरते एका वाक्यात मांडता येत नाही. बुटक्या खुंटाच्या मुळांत सालीचा भाग जास्त आणि लाकूड कमी असते. पाणी वर नेण्याची त्याची क्षमता कमी असते, आणि शेंड्यापासून मुळांकडे जाणाऱ्या ऑक्सिन या संप्रेरकाचा प्रवाहही बदलतो. वरच्या फांद्या हंगामात लवकर थांबतात आणि फळडोळे लवकर भरतात. न्यूझीलंडमधील संशोधनाने हा गुण मुख्यतः पाचव्या आणि अकराव्या गुणसूत्रांवरील दोन जागांशी जोडला. बागवानाच्या कामाची गोष्ट अशी, की बुटकेपणा आणि लवकर फळणे हे दोन्ही बहुधा हातात हात घालून येतात. एम ९ दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी फळ दाखवतो, एमएम १०६ तिसऱ्या-चौथ्या, एमएम १११ त्याहून उशिरा.

मोकळ्या झाडाच्या उंचीचे ढोबळ आकडे असे सांगतात: एम २७ वर दीड-पावणेदोन मीटर, एम ९ वर दोन ते तीन, एम २६ वर अडीच ते साडेतीन, एमएम १०६ वर तीन ते पाच, एमएम १११ वर चार-पाच आणि एम २५ वर त्याहून जास्त. हे आकडे वाचून लोक फसतात. कुंपण १.८ मीटर उंच, मग एम २७ किंवा फार तर एम ९, असा हिशेब मांडला जातो. पण एस्पॅलिअर हे लहान झाड नव्हे. ते मोठे झाड आहे, एका प्रतलात पसरलेले. चार थर, दर थराला दोन ओलांडे, प्रत्येक ओलांडा दीड ते दोन मीटर लांब: म्हणजे बारा ते सोळा मीटर कायमचे लाकूड झाडाने घडवायचे आणि त्यावर वर्षानुवर्षे फळडोळे पोसायचे. त्यातच फांदी आडवी बांधली की तिचा जोर आपोआप कमी होतो. उभ्या फांदीत शेंडा बाकीच्या डोळ्यांना दाबून ठेवतो. आडवी झाली की हे दडपण सुटते, वाढ मंदावते आणि फुलडोळे वाढतात. उन्हाळी छाटणीही झाडाचा जोर काढून घेते, कारण पाने जातात. खुंट बुटका, फांदी आडवी, छाटणी उन्हाळी: तीन लगाम एकाच झाडावर. एम २७ वर हे सगळे केले तर पहिला थर होतो, दुसरा कसाबसा होतो आणि मग झाड फक्त फुलत राहते. लाकूड घडवायला त्याच्याजवळ काही उरत नाही. अशा झाडावर फळे राखली तर वाढ थांबते, आणि फळे काढून टाकली तरी पुढच्या थरासाठी जोरदार फुटवा मिळेलच असे नाही.

म्हणून इंग्लंडसारख्या हवामानात चांगल्या, खोल, ओल धरणाऱ्या जमिनीत तीन-चार थरांच्या एस्पॅलिअरला एम २६ पुरतो. साधारण घरगुती जमिनीत माझी निवड एमएम १०६ आहे. रेताड, उथळ किंवा चुनखडीच्या कोरड्या जमिनीत एमएम १११ घ्यावा. रुंदी त्यानुसार: एम २६ वर सुमारे ३ ते ३.६ मीटर, एमएम १०६ वर ३.६ ते ४.५, एमएम १११ वर त्याहून जास्त. तारा एकमेकींपासून ३५ ते ४५ सेंटिमीटरवर. भिंत फक्त अडीच मीटर लांब असेल तर तिथे एस्पॅलिअरचा हट्ट धरू नये. एम ९ किंवा एम २६ वरची दोन-तीन तिरपी एकखोडी झाडे, ज्यांना कॉर्डन म्हणतात, पाऊण मीटरच्या अंतराने लावावीत. जातीही दोन-तीन मिळतात आणि परागीभवनाची सोय होते. एम २७ ची खरी जागा वाफ्याच्या कडेला गुडघ्याइतक्या उंचीवर एकच आडवा थर धरण्यात आहे. फ्रान्समध्ये जिव्हर्नीला क्लॉद मोनेच्या बागेत हिरवळीच्या कडेने असे एकथरी सफरचंद आहेत. अशा एकाच थरासाठीही जमीन हलकी असेल तर एम २७ ऐवजी एम ९ घेतलेला बरा.

जास्त जोमाचा खुंट घेतला तर काय बिघडते? छाटणी वाढते आणि फळ एक-दोन वर्षे उशिरा येते. दोन्ही गोष्टी सहन करण्यासारख्या आहेत आणि दोन्हींवर उपाय आहेत: ओलांडे लांब जाऊ द्यायचे, एक थर वाढवायचा, नत्र द्यायचे नाही, छाटणी उन्हाळ्यात करायची. कमी जोमाचा खुंट घेतला तर मात्र खत-पाण्याने थोडीफार मदत होते, त्यापलीकडे इलाज नाही. दोन खुंटांत मन अडकले तर वरचा घ्यावा, असे मी म्हणतो ते याच कारणाने.

भिंतीच्या पायथ्याची जमीन बागेतल्या इतर जमिनीसारखी नसते, हे नेहमी विसरले जाते. भिंतीच्या आडोशाला पाऊस कमी पोचतो, पाया ओल शोषतो, बांधकामाचा चुना आणि विटांचे तुकडे मातीत मिसळलेले असतात. झाड भिंतीपासून ३० ते ४० सेंटिमीटर दूर लावून खोड किंचित भिंतीकडे झुकवतात ते त्यासाठीच. पण मुळांना तेवढ्याने पुरेसे पाणी मिळत नाही. बागेच्या मध्यभागी जिथे एम २६ छान वाढला असता, तिथेच भिंतीपाशी एमएम १०६ लागतो. बुटक्या खुंटांची मुळे उथळ असतात. त्यांना पहिली काही वर्षेच नव्हे, कोरड्या उन्हाळ्यात कायमच पाणी द्यावे लागते. एम ९ आणि एम २७ ची मुळे झाडाला नीट धरूनही ठेवत नाहीत, त्यांना आयुष्यभर आधार हवा. एस्पॅलिअरला तारांचा आधार असतोच, त्यामुळे ही उणीव इथे फारशी जाणवत नाही.

एमएम १०६ चीही एक मोठी अडचण आहे. पाणी साचणाऱ्या चिकणमातीत त्याचा बुंधा फायटोफ्थोरा बुरशीने कुजतो. हिवाळाभर ओली राहणारी जमीन असेल तर हा खुंट टाळावा, किंवा निदान झाड उंचवट्यावर लावावे. एम ९ या रोगाला चांगला टिकतो, पण चार थर चढवायची ताकद त्याच्यात नाही. ईस्ट मॉलिंगने एमएम १०६ आणि एम २७ यांच्यापासून पुढे एम ११६ काढला. त्याचा जोम एमएम १०६ च्या जवळपास आणि बुंधाकुजीला प्रतिकार चांगला. ओल्या जमिनीतल्या एस्पॅलिअरला तो मिळाला तर मी दुसरा खुंट शोधणार नाही. जुने सफरचंद उपटून त्याच खड्ड्यात नवे लावणे हाही धोका आहे; मातीत साठलेल्या बुरशी आणि सूत्रकृमींमुळे नवे झाड खुजे राहते. जागा बदलता येत नसेल तर माती खोलवर बदलावी आणि जोमदार खुंट घ्यावा.

हे सगळे इंग्लंडच्या थंड, सौम्य हवेत. अमेरिकेत निकष बदलतात आणि तिथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी ब्रिटिश पुस्तके जशीच्या तशी वापरू नयेत. न्यू जर्सी, मिशिगन, टेक्सास कुठेही असा, पहिला प्रश्न फायर ब्लाइटचा. हा जिवाणूजन्य रोग मूळचा अमेरिकेतला. युरोपात तो १९५७ मध्ये इंग्लंडमध्ये प्रथम दिसला. उबदार, दमट वसंतात तो फुलांतून शिरतो. फांद्या जळाल्यासारख्या काळ्या पडतात हे दिसते, पण जिवाणू खोडातून कोणतीही खूण न दाखवता खाली उतरून खुंटात पोचतात हे दिसत नाही. एम ९ आणि एम २६ या रोगाला इतके नाजूक आहेत की वरची जात तगली तरी मुळाशी झाड मरते. पाच-सहा वर्षे थर घडवल्यावर असे झाड जाणे फार वाईट. कॉर्नेल विद्यापीठाच्या न्यूयॉर्क राज्यातील जिनीव्हा येथील केंद्रात साठच्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेल्या संकर कार्यक्रमाने हाच प्रश्न मुख्य मानला. त्यातून निघालेले जी ४१ आणि जी ११ एम ९ च्या आसपासचे, जी ९३५ आणि जी २०२ एम २६ च्या पट्ट्यातले, जी ९६९ आणि जी ८९० त्याहून जोमदार. अनेक थरांच्या एस्पॅलिअरला अमेरिकेत मी शेवटच्या दोघांपैकी एक घेईन. जी ४१ चा कलमाचा सांधा ठिसूळ असतो, सुरुवातीपासून तारेला बांधलेला बरा. जी १६ विषाणूंना फार संवेदनशील आहे. घरच्या घरी शेजाऱ्याच्या झाडाची काडी आणून त्यावर कलम बांधण्याचा विचार असेल तर तो घेऊ नये.

कडाक्याच्या हिवाळ्यात अजून एक निकष येतो. एमएम १०६ शरद ऋतूत उशिरापर्यंत वाढत राहतो आणि लवकर आलेल्या गोठवणाऱ्या थंडीत सापडतो. मिनेसोटा किंवा कॅनडाच्या मैदानी प्रांतांत रशियातील मिचुरिन्स्क येथे बुडागोव्स्की यांनी काढलेला बड ९ चांगला. तो थंडी सोसतो, फायर ब्लाइटलाही एम ९ पेक्षा बराच टिकतो. त्याची पाने लालसर असतात, त्यामुळे कलमाच्या खालून फुटवा आला की लगेच ओळखून काढता येतो. मात्र तो एम ९ इतकाच किंवा थोडा कमी जोमाचा, म्हणजे दोन थरांपुरता. जास्त थर हवे असतील तिथे काही रोपवाटिका दोन मजली कलम देतात: खाली एमएम १११, मध्ये एम ९ चा वीतभर तुकडा, वर जात. मुळे खोल आणि घट्ट, झाड मात्र आवाक्यात. पूर्व अमेरिकेत एमएम १११ वर बुंध्याशी मुळांच्या गाठी येतात आणि त्यांतून खोडकिडा शिरतो, तेवढे लक्ष ठेवावे लागते.

खुंट ठरवताना वरच्या जातीचा जोमही धरावा लागतो. ब्रॅम्ली ही स्वयंपाकाची इंग्लिश जात इतकी जोमदार की ती एम २६ वरही कॉक्सच्या एमएम १०६ इतकी पसरते. कॉक्स, सनसेट, एग्रीमाँट रसेट यांसारख्या आखूड फळफांद्यांवर फळणाऱ्या जाती एस्पॅलिअरला उत्तम. आयरिश पीच शेंड्याला फळते. उन्हाळी छाटणीत तिची फळेच कापली जातात, मग खुंट कितीही योग्य असो.

भारतात हिमाचलातल्या बागांचे उदाहरण घ्यावे. सॅम्युअल स्टोक्स यांनी १९१६ च्या सुमारास कोटगडला अमेरिकी जाती आणल्या आणि अनेक दशके तिथल्या बागा बियांच्या जंगली खुंटांवरच वाढल्या. आता एम ९, एमएम १०६, एमएम १११ तिथेही पोचले आहेत. तारांवर, ठिबकवर, दाट लावणीने एम ९ ची बाग लावायची की उतारावरच्या कोरडवाहू जमिनीत एमएम १११, हा तिथला आजचा वाद आहे. पाण्याची खात्री नसेल तिथे एम ९ लावणाऱ्यांबद्दल मला काळजी वाटते.

महाराष्ट्रात गेल्या काही वर्षांत कमी थंडीच्या सफरचंदांची हवा आहे. हिमाचलमधल्या बिलासपूर जिल्ह्यातील पनियाला गावच्या हरिमन शर्मा यांनी निवडलेली एचआरएमएन-९९, इस्रायलची अॅना, बहामा बेटांवरची डॉर्सेट गोल्डन या जाती इथल्या काही शेतकऱ्यांनी लावल्या आहेत; शर्मा यांना २०२५ मध्ये पद्मश्रीही मिळाली. गच्चीलगत किंवा बंगल्याच्या कुंपणावर ही झाडे सपाट वळवावीत असे वाटणाऱ्यांना दोन गोष्टी सांगायला हव्यात. एक, थंडीची गरज वरच्या जातीची असते, खुंट बदलून रेड डेलिशस पुण्यात फळणार नाही. निफाडला पारा काही रात्री फार खाली येतो, पण ७ अंशांखालचे तास मोजले तर हिमाचलच्या तुलनेत ते किरकोळ आहेत. जावा बेटावरच्या बातू भागात उष्ण कटिबंधात सफरचंद पिकते, ते पाने ओरबाडून झाडाला सक्तीची विश्रांती देऊन. द्राक्षाला वर्षातून दोन छाटण्या करणाऱ्या आपल्या बागायतदाराला ती कल्पना परकी वाटणार नाही. दुसरी गोष्ट खुंटाची. इथल्या काळ्या जमिनीत पावसाळ्यात पाणी तुंबते, तिथे एमएम १०६ धोक्याचा. उन्हाळ्यात जमीन भेगाळते, तिथे एम ९ तगणार नाही. माझा कल एमएम १११ कडे आहे, आणि तोही निचऱ्याच्या उंच वाफ्यावर. भिंतही इंग्लंडच्या उलट निवडावी: तिथे दक्षिणेची, पश्चिमेची भिंत उब देते म्हणून मोलाची, इथे तीच आडव्या ओलांड्यांची साल करपवते. पूर्वेकडे तोंड असलेली भिंत, किंवा त्याहून चांगले म्हणजे मोकळ्या तारा.

रोप विकत घेताना चिठ्ठीवर खुंटाचे नाव नसेल तर घेऊ नये. नुसते ‘बुटके’ किंवा ‘अर्धबुटके’ लिहिलेले असेल तर हॅटन यांच्या आधीच्या काळातल्या माणसाइतकीच माहिती आपल्या हाती असते. एकवर्षाचे, फांद्या न फुटलेले छडीसारखे रोप घ्यावे. पहिल्या तारेच्या उंचीवर ते छाटून तीन डोळ्यांपासून मधला शेंडा आणि दोन ओलांडे धरता येतात. वाढीच्या दिवसांत ओलांडे ४५ अंशांवर बांधून ठेवावेत आणि शरद ऋतूत आडवे करावेत. एक ओलांडा मागे पडत असेल तर तेवढाच थोडा वर उचलावा म्हणजे तो जोर धरतो. दरवर्षी एकच थर घ्यावा, जोमदार खुंटावरही.

आणि लावताना कलमाचा सांधा जमिनीच्या दहा-पंधरा सेंटिमीटर वर राहील असे पाहावे. नवी माती किंवा आच्छादन टाकताना तो हळूहळू झाकला जातो. एकदा तो मातीखाली गेला की वरची जात स्वतःची मुळे सोडते, दोन-तीन वर्षांत तीच मुळे झाड चालवू लागतात, आणि मोजून-मापून निवडलेला खुंट निरुपयोगी होतो. दर हिवाळ्याच्या छाटणीआधी बुंध्याशी हात घालून माती मागे ओढावी, सांधा उघडा आहे ना ते पाहावे, आणि सांध्याखालून आलेला प्रत्येक फुटवा कात्रीने न कापता मुळापासून ओढून काढावा.